पिल्लू रोज रात्री रडतंय? आधी घड्याळ बघा

कुत्र्याचं पिल्लू घरी येऊन दोन-तीन रात्री झाल्या की बहुतेक घरांत तक्रार सारखीच असते. दिवसा अगदी शहाणं आहे, खातं, खेळतं, मांडीवर झोपतं. रात्री दिवा मालवला की सुरू होतं ते पहाटेपर्यंत थांबत नाही. मग घरातला एक म्हणतो, रडू दे, दमलं की आपोआप गप्प बसेल. दुसरा म्हणतो, बिछान्यातच घेऊ या. पहिल्या रात्री एक उपाय होतो, दुसऱ्या रात्री दुसरा, आणि तिसऱ्या रात्री पिल्लू पहिल्यापेक्षा मोठ्याने रडतं.

यात चूक एकच होते. पिल्लाचं रात्रीचं रडणं म्हणजे एकच गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. खरं तर एकाच रात्रीत ते तीन वेगळ्या कारणांसाठी रडू शकतं: अकराला एकटं वाटलं म्हणून, दोनला शू लागली म्हणून, पाचला उजाडलं आणि पोट रिकामं झालं म्हणून. अकराच्या रडण्यावरचा उपाय दोनच्या रडण्याला लागू पडत नाही. काल चाललेली युक्ती आज का चालली नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

म्हणून उशाशी वही आणि पेन ठेवा. दिवा किती वाजता मालवला, रडणं किती वाजता सुरू झालं, आवाज कसा होता (बारीक कुईंकुईं, की केकाटणं, की भुंकणं), बाहेर नेल्यावर शू केली का, कशाने शांत झालं, एवढंच लिहायचं. झोपेच्या गुंगीत आठवणीवर विसंबू नका. सकाळी फक्त ‘रात्रभर रडलं’ एवढंच लक्षात राहतं. तीन रात्रींच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की वेळा जुळलेल्या दिसतात आणि कारण बऱ्याचदा तिथेच सापडतं.

दिवा मालवल्यावर पाच-दहा मिनिटांतच रडतं

हे एकटेपणाचं रडणं. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त हेच दिसतं, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

साधारण ८ आठवड्यांचं पिल्लू घरी येतं. त्याआधी न घेतलेलंच बरं, कारण आईजवळचे आणि भावंडांतले ते आठवडे त्याला पुढे आयुष्यभर उपयोगी पडतात. या दोन महिन्यांत ते एकदाही एकटं झोपलेलं नसतं. एकाच्या मानेवर दुसऱ्याची तंगडी, तिसऱ्याचं डोकं कुणाच्या तरी पोटावर, असा सगळा ढीग करून पिल्लं झोपतात. झोपेत हललं तरी अंगाला ऊबदार अंग लागतं, कानाशी श्वास असतो, नाकाला आईचा वास असतो. एका दिवसात हे सगळं गेलं, आणि वर जागाही परकी. अशा वेळी आवाज देणं हे त्याचं जगण्याचं साधन आहे. आईपासून दूर पडलेलं पिल्लू ओरडतं, आई शोधत येते.

अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर अनेक वर्षं काम केलं. एकटं ठेवलेलं पिल्लू ओळखीच्या जागेपेक्षा अनोळखी जागेत कितीतरी जास्त ओरडतं, हे १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं. आपण पहिल्या रात्री नेमकं हेच करतो: एकटं ठेवतो आणि तेही अनोळखी खोलीत. पुढे १९७८ साली मेंदूशास्त्रज्ञ जाक पँक्सेप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मॉर्फिन या वेदनाशामकाची अगदी थोडी मात्राही पिल्लांचं विरहाचं रडणं कमी करते. म्हणजे ताटातूट आणि वेदना मेंदूत एकमेकींच्या फार जवळ आहेत. हे वाचल्यापासून ‘नाटकं करतंय’ हा शब्द मी पिल्लासाठी वापरलेला नाही.

माझ्या पहिल्या पिल्लाच्या वेळी मी सल्ला ऐकला आणि त्याला वेगळ्या खोलीत दार लावून ठेवलं. पहिल्या रात्री ते जवळजवळ दोन तास केकाटलं. चौथ्या रात्री गप्प झालं आणि मला वाटलं, जमलं. पण त्यानंतर कित्येक महिने घरातलं कुठलंही दार बंद झालं की ते थरथरायचं. ते शिकलं होतं ते झोपणं नव्हतं. हाक मारून कुणी येत नाही, हे शिकलं होतं. ८ ते १० आठवड्यांच्या सुमाराला पिल्लांचा एक भित्रा काळ असतो. या काळात बसलेली धास्ती खोलवर जाते. ती भरून काढायला मला वर्ष लागलं.

म्हणून पहिल्या रात्रींसाठी माझं सांगणं स्पष्ट आहे: पिल्लू तुमच्या खोलीत झोपू द्या, आणि शक्य तितकं तुमच्या जवळ. उंच कडांचं खोकं किंवा छोटा पिंजरा पलंगाला लागून स्टुलावर पक्का बसवा. पडणार नाही याची खात्री करा. हात खाली सोडला की त्याच्या नाकाशी पोचला पाहिजे. उंचीवर नीट बसत नसेल तर तुम्हीच चार रात्री जमिनीवर गादी टाका. कुईंकुईं सुरू झाली की बोटं आत सोडा, हवं तर हळू आवाजात एक-दोन शब्द बोला. उचलायचं नाही, दिवा लावायचा नाही, खेळायचं तर मुळीच नाही. तुम्ही आहात, एवढंच त्याला कळू द्या.

पिल्लू आणायला जाल तेव्हा एक मऊ फडकं घेऊन जा आणि ते आई-भावंडांच्या अंथरुणात चोळून घ्या. आधीच दोन-चार दिवस तिथे ठेवता आलं तर आणखी चांगलं. हे फडकं पहिला आठवडा धुवायचं नाही. गरम पाण्याची पिशवी जाड कापडात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवली तर तिला बिलगून पिल्लं झोपतात. मात्र पाणी कोमट हवं, आणि उकडायला लागलं तर बाजूला सरकायला आत जागा हवी. चावरं पिल्लू असेल तर ते झोपल्यावर पिशवी काढून घ्या. टिकटिक करणारं घड्याळ पांघरुणाखाली ठेवायची जुनी युक्ती आहे. तिने काहींना फरक पडतो, काहींना नाही. करून बघायला हरकत नाही. दूध पाजणाऱ्या कुत्रीच्या अंगावर तयार होणाऱ्या गंधद्रव्याची कृत्रिम नक्कलही मिळते, भिंतीतल्या प्लगला लावायची. ती जोडीला ठीक आहे, पण तुमच्या हाताची जागा ती घेत नाही.

‘अशाने सवय लागेल’ ही भीती प्रत्येकाला वाटते. सवय लागते ती मोडता येते, आणि हळूहळू मोडली तर पिल्लाला कळतही नाही. चार-सहा रात्री ते न रडता झोपायला लागलं की खोकं एक हात लांब सरकवा. दोन रात्री तिथेच ठेवा. मग आणखी एक हात. मग खोलीच्या दाराशी, मग दाराबाहेर पण दार उघडं, मग जिथे त्याने कायम झोपावं असं वाटतं तिथे. एखाद्या टप्प्यावर रडलं तर मागच्या टप्प्यावर दोन रात्री परत या. माझ्या दुसऱ्या पिल्लाला पलंगापासून बाहेरच्या खोलीपर्यंत जायला पाच आठवडे लागले. त्यात ते दोनच रात्री रडलं, आणि दोन्ही वेळा मीच घाई केली होती. पिल्लाला कायम तुमच्याच खोलीत झोपवायचं असेल तर हा सगळा प्रवास करायचीही गरज नाही.

दोन-तीन तास झोपून मग रडतं

आवाज सहसा वेगळा असतो: आधी खुडबुड, अंथरुणात गोल फिरणं, मग तुटक कुईंकुईं. ही शू आहे. ८ आठवड्यांच्या पिल्लाला लघवी फार वेळ धरता येत नाही. ठोकताळा असा की जितके महिने वय, त्यात एक मिळवा, साधारण तितके तास. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाचे तीन तास झाले, आणि तेही सगळं नीट जुळलं तर. झोपेत काहींना थोडं जास्त जमतं, लहान चणीच्या पिल्लांना कमी.

इथे बहुतेक जण पिल्लू रडायची वाट बघतात. तसं करू नका. वहीत बघा, रोज साधारण किती वाजता जाग येते? पावणेदोन असेल तर गजर दीडचा लावा आणि तुम्हीच त्याला उठवा. रडलं की माणूस येतो आणि बाहेर नेतो, ही साखळीच मग तयार होत नाही. उचलूनच न्या, चालत नेलं तर अर्ध्या वाटेत बसेल. पट्टा लावा, रोज त्याच एका जागी उभे राहा, गप्प राहा. शू झाली की हळू आवाजात शाबासकी, आणि थेट परत अंथरुणात. पाच मिनिटांत काही केलं नाही तर आत आणा. ही फेरी जितकी कंटाळवाणी तितकी चांगली. दोन वाजता चेंडू टाकलात तर उद्या दोनला खेळायला उठेल. लसींचा क्रम पूर्ण झालेला नसतो (तो साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतो), म्हणून जिथे इतर कुत्री येतात-जातात अशी जागा निवडू नका.

दोन-तीन रात्री कोरडं राहिलं की गजर पंधरा-वीस मिनिटं पुढे ढकला, मग आणखी. अशा रीतीने दोन फेऱ्यांची एक होते आणि एकीची शून्य. चार महिन्यांच्या आसपास बरीच पिल्लं सहा-सात तास काढतात, पण मागे राहिलेल्या पिल्लाला कमी लेखू नका.

संध्याकाळनंतर पाणी पूर्ण बंद करायचं का, असं पुष्कळ जण विचारतात. माझं उत्तर नाही. रात्रीचं जेवण झोपेच्या तीनेक तास आधी द्या, झोपायच्या आधीच्या तासा-दीड तासात भांडं भरून ठेवू नका, पण तहानलेल्या पिल्लाला घोटभर पाणी द्याच, उकाड्यात तर नक्की. शेवटची शू-फेरी अगदी दिवा मालवायच्या आधी.

अंथरुण ओलं झालं तर रागावू नका, नाक तर अजिबात घासू नका. त्याला फक्त एवढंच कळतं की रात्री तुमचे हात घाबरवणारे होतात. कापड बदला, आणि लघवीचा वास तोडणाऱ्या एन्झाइमयुक्त द्रवाने जागा पुसा. अमोनिया असलेलं काहीही वापरू नका. पिल्लाच्या नाकाला तो वास लघवीच्या जवळचा वाटतो आणि ते पुन्हा तिथेच बसतं.

पिंजऱ्याचं दार लावताच आकांत करतं

इथे रात्रीपेक्षा पिंजऱ्याचा प्रश्न मोठा आहे. ओळख पटवायचं काम दिवसा करायचं. दार उघडं ठेवून आत जेवण द्या, खेळणं आत टाका, दिवसाच्या डुलक्या तिथे घेऊ द्या. मग खाताना दार दहा सेकंद लोटा, उघडा. मग अर्धा मिनिट. आधी दिवसा जमेल, मग रात्री.

पिंजरा इतकाच मोठा हवा की पिल्लाला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता यावं. फार मोठा असेल तर एका टोकाला शी आणि दुसऱ्या टोकाला झोप, अशी वाटणी होते. मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर मध्ये आडोसा घालून जागा लहान करा आणि वाढेल तसा तो सरकवा.

लाळ गळणं, जाळी चावणं, नखं घासून रक्त येणं असं दिसलं तर पिंजऱ्याचा वापर त्याच क्षणी थांबवा. त्या पिल्लाला छोटं कुंपण करून द्या, नाहीतर पलंगाशेजारी उघड्या खोक्यात झोपवा. पिंजरा हे साधन आहे, त्यासाठी पिल्लाला पणाला लावू नका.

झोपायच्या आधी अंगात आल्यासारखं पळतं, चावतं, मग रडतं

ते अतिशय दमलेलं असतं. या वयाच्या पिल्लाला दिवसाकाठी १८ ते २० तास झोप लागते. नव्या घरात प्रत्येक जण त्याला उचलतो, पाहुणे येतात, मुलं सोडत नाहीत, आणि दिवसाच्या डुलक्या मोडतात. ‘दिवसभर जागं ठेवलं तर रात्री झोपेल’ हा हिशेब पिल्लाच्या बाबतीत उलटा पडतो. तासभर जागं राहिलं की त्याला शांत कोपऱ्यात झोपू द्या, आणि घरातल्यांना, विशेषतः मुलांना, नियम सांगा: झोपलेल्या पिल्लाला हात लावायचा नाही. रात्री दिवा मालवायच्या तासभर आधी खेळ बंद, आवाज कमी, उजेड मंद. चघळायला काहीतरी द्या. चघळताना पिल्लं निवतात.

पहाटे साडेचार-पाचला उठतं आणि परत झोपत नाही

पहाटेची झोप पातळ असते. पडद्याच्या फटीतला उजेड, पाखरांचा आवाज एवढंही पुरतं. शू करवून आणा आणि परत झोपवा, रात्रीच्या फेरीसारखंच मुकाट. यात खरी अडचण आपली असते: आता उठलोच आहोत म्हणून आपण दिवा लावतो, त्याचं भांडं भरतो, आणि पाच वाजता दिवस सुरू होतो हे त्याला शिकवतो. जेवण ठरल्या वेळेलाच द्या, मग उठायची वेळ काहीही असो. जाड पडदा लावा. खरंच भुकेने उठतंय असं वाटलं तर दिवसाच्या मापातलं थोडं खाणं रात्रीच्या जेवणात सरकवा. एकूण माप वाढवू नका.

आठवडाभर छान झोपलं आणि पुन्हा सुरू

पहिल्यांदा शोधा, काय बदललं? खोकं लांब सरकवलं, खाणं बदललं, पाहुणे राहिले, लस झाली, जंताचं औषध दिलं? लसीनंतर एक-दोन दिवस अंग दुखतं, त्या रात्री पुन्हा जवळ घ्या. साडेतीन-चार महिन्यांनंतर दुधाचे दात पडायला लागतात आणि हिरड्या ठणकतात. फडकं भिजवून, पिळून, गार करून चघळायला दिलं की बरं वाटतं.

दुसरं कारण घरातच असतं. एक जण लगेच उचलतो, दुसरा अर्धा तास दुर्लक्ष करून मग उचलतो. पिल्लाला त्यातून कळतं की पुरेसा वेळ ओरडलं की उचलतात. रात्री कोण उठणार आणि उठून काय करणार, हे दिवसाउजेडी ठरवा. पाळ्या लावा, आलटून पालटून एकेका रात्री पूर्ण झोप घ्या. सलग चार रात्री न झोपलेला माणूस पिल्लावर खेकसतोच, आणि मग दोघांनाही वाईट वाटतं.

आणि झोपेतच पाय झाडत, बारीक आवाज करत असेल तर उठवू नका. स्वप्नातलं असतं ते, अर्ध्या मिनिटात थांबतं.

वही बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करायची वेळ

रडण्याच्या जोडीला यांतलं काहीही दिसलं तर सवयी-शिस्तीचा विचार थांबवा. दर अर्ध्या तासाला थेंब-थेंब लघवी, लघवी करताना कुंथणं किंवा रक्त: मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. उलट्या, पातळ किंवा रक्ताळलेली शी, खाणं सुटणं: लसी पूर्ण न झालेल्या पिल्लात पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची शंका आधी घ्यायची, आणि त्यात सकाळपर्यंत थांबणं महागात पडतं. पोट फुगून कडक होणं. सतत खाजवणं. अगदी छोट्या जातीचं पिल्लू लुळं पडणं, थरथरणं, नजर स्थिर नसणं: रक्तातली साखर उतरली असू शकते, ते तातडीचं आहे. पोट मोठं आणि अंग बारीक दिसत असेल तर जंतांबद्दल विचारा. बरीच पिल्लं आईकडूनच गोल जंत घेऊन जन्माला येतात.

रात्री शांत झोपावं म्हणून माणसाचं कुठलंही औषध देऊ नका. झोपेची गोळी नाही, सर्दीचं औषध नाही, पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन तर मुळीच नाही. लहान अंगात थोडी मात्राही घातक ठरते.

माझ्या दुसऱ्या पिल्लाची वही अजून आहे. पहिल्या रात्रीच्या पानावर नऊ नोंदी आहेत, एकीवर शाई फिसकटलेली. दहाव्या रात्रीच्या पानावर तीन: ‘११.१० दिवा. ३.२० गजर, शू झाली, लगेच झोपलं. ६.०५ स्वतःहून जाग, रडणं नाही.’ मधली पानं बघताना लक्षात येतं, रडणं कमी झालं ते एकदम नाही. आधी अकराचं गेलं, मग दोनचं, आणि पहाटेचं सगळ्यात शेवटी. तुमच्या वहीत क्रम वेगळा असेल. एका वेळी एकच रडणं हाती घ्या. जे सगळ्यात जास्त वेळ चालतं, त्याच्यापासून आज रात्री सुरुवात करा.